शंभर टक्के दिसणारा कॅमेरा

बुरोंडीच्या किनाऱ्यावर कुणाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं की संदेश पावसेला हाक जायची. फिटर म्हणून त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, नोझल गेलाय की पंप. त्याचे पाने पत्र्याच्या पेटीत मापाप्रमाणे लावलेले असत आणि त्यातला एकही तो दुसऱ्याच्या हातात देत नसे. काम बिघडलं तर आधी हत्यार बघावं, असं त्याचं म्हणणं. स्वस्तातला पाना बोल्टची कड खातो आणि लोक म्हणतात फिटर कच्चा.

फोटोचा नाद त्याला पस्तिशीत लागला. मुंबईच्या मेहुण्याने स्वतःचा जुना कॅमेरा त्याला देऊन टाकला होता. पहिले सहा महिने संदेशने इंजिनांचेच फोटो काढले. मग बोटींचे, मग माणसांचे. पैसे कधी घेतले नाहीत. "इंजिनाचे घेतो की," म्हणायचा. बारसं, साखरपुडा, होळीची पालखी, कुणाची म्हातारी शेवटच्या दिवसांत अंथरुणावर, सगळीकडे तो असे. त्याच्या बालमित्राचा, शिवा तांडेलाचा, एक फोटो तर मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत लागला होता. जाळं ओढताना शिवाच्या मानेच्या शिरा ताठलेल्या, मागे समुद्र नुसता करडा. फोटोत दुसरं काहीही नव्हतं, म्हणूनच तो चांगला होता, असं संदेश सांगायचा. "फोटोत काय घ्यायचं ते कुणालाही कळतं. काय घ्यायचं नाही, त्यात खरी मेख."

घोटाळा सुरू झाला तो शिवाची नवी बोट पाण्यात उतरवली त्या दिवशी. संदेशने सकाळपासून दुपारपर्यंत फोटो काढले. शिवाला त्यातला एक मोठा करून भिंतीवर हवा होता. संदेशने दापोलीहून प्रिंट काढून आणली आणि शिवा हसत सुटला. नारळ वाढवणारा शिवा मधोमध, छान; पण डाव्या कडेला एक निळा डिझेलचा कॅन आणि त्याच्यावर बसलेल्या कुणाचं तरी अर्धं ढुंगण.

"अरे, हे कोण? ह्याला कशाला घेतलास?"

संदेशला हसू आलं नाही. फोटो काढताना त्याने डोळा लावून चारी कडा नीट बघितल्या होत्या. तिथे कॅन नव्हता. त्याला पक्कं आठवत होतं.

पुढच्या महिन्यात पुतणीच्या लग्नात तसंच झालं. एका फोटोत नवऱ्या मुलाची आत्या अर्धी कापलेली, एकात मांडवाचा बांबू मध्येच घुसलेला, एकात केटररचा माणूस तोंड वासून उभा. सगळं डाव्या बाजूला. चमत्कार असा की कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर ते लगेच दिसायचं, पण डोळा लावून बघताना त्यातलं काही दिसलेलं नसायचं. नवऱ्या मुलाच्या आत्याने तर निरोपच पाठवला, की मी एवढी नकोशी होते तर बोलवायचं नव्हतं.

संदेशने महिनाभर मोबाइलवर शोध घेतला आणि त्याला उत्तर सापडलं. स्वस्त कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या खिडकीत पूर्ण चित्र दिसतच नाही. शंभरातलं पंचाण्णव टक्के दिसतं. उरलेलं कडांचं पाच टक्के आपल्याला न दिसता फोटोत उतरतं. महागड्या कॅमेऱ्यात मात्र शंभर टक्के दिसतं. हे सगळं खरं होतं, कुणी त्याला फसवलं नव्हतं.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "मी म्हणत होतो ना? हत्यारातच खोट हाय."

ज्ञानेश्वरी सुक्या मासळीचा धंदा करायची. बोंबील, सुकट, बांगडे वाळवून आठवड्यातून दोनदा दापोलीच्या बाजारात बसायची. मासळी वाळूवर वाळवावी लागे, तिला वाळू लागे, आणि गिऱ्हाईक नाक मुरडत असे. म्हणून घरामागे सिमेंटचा ओटा घालायचा, वर पत्रा टाकायचा, असं दोघांचं ठरलेलं होतं. चार वर्षं तिने त्यासाठी बाजूला टाकलेले पैसे घरात होते.

"पंचाण्णव टक्के काय ते मला नाय कळत," ती म्हणाली. "पण काल तुमच्या ताटात डाव्या अंगाला वाढलेली चटणी तुम्हाला दिसली नाय. मला विचारलंत, चटणी कुठाय. परवा दाराच्या चौकटीवर खांदा आपटलात. एकदा डोळे दाखवून या."

"माझे डोळे? समोरच्या बोटीवरचा नंबर वाचून दाखवू?" त्याने खरंच वाचून दाखवला. नांगरलेली बोट चांगली लांब होती आणि नंबर अचूक होता. "तुला कॅमेऱ्यातलं काय कळतं? ओटा दिवाळीनंतर घालू."

कॅमेरा आला. मुंबईहून, दुकानातून सीलबंद. काळा, जड, हातात घेतला की हाताला बरं वाटावं असा. पहिले आठ दिवस संदेश लहान मुलासारखा आनंदात होता. पहाटेच्या अंधारात निघालेल्या बोटी त्यात दिवसासारख्या स्वच्छ येत. खवल्यांवरचा एकेक थेंब मोजून घ्यावा. मुलगी योगिनी चिपळूणला नोकरीला होती, तिला त्याने रोज फोटो पाठवले. तिने नवव्या दिवशी विचारलं, "बाबा, ह्यात डावीकडे कुणाची चप्पल आहे?"

ती चप्पल त्याने पडद्यावर मोठी करून बघितली. मग म्हणाला, नवीन आहे, हात बसायला वेळ लागेल.

हात बसला नाही. कड तशीच राहिली. उलट आता कॅमेरा इतका स्वच्छ होता की कडेला आलेला कचरासुद्धा रेखीव यायचा. संदेशला रात्रंदिवस एकच विचार. डोळा लावायच्या भागात दोष आहे, नाहीतर भिंगात. तो दुकानदाराला फोन करू लागला. दुकानदाराने एकदोनदा नीट उत्तर दिलं, नंतर फोन उचलणं सोडलं.

त्याच हिवाळ्यात बुरोंडीच्या शाळेत डोळे तपासणीचं मोफत शिबिर होतं. ज्ञानेश्वरीने नवऱ्याचं नाव स्वतः जाऊन घातलं, नंबर लागला बारावा. शिबिराच्या आदल्या संध्याकाळी संदेशने पिशवी भरली आणि मुंबईची गाडी पकडली. दुकानदार दिवाळीनंतर पहिल्यांदा भेटायला तयार झाला होता. दुकानातल्या पोराने कॅमेरा टेबलावर ठेवला, भिंतीवर चौकटीचा कागद लावला, फोटो काढला, आणि दाखवलं. कागदाच्या चारी कडा जिथल्या तिथे होत्या.

"काका, पीस परफेक्ट आहे."

"मग मला दिसत नाही ते?"

"लेन्स बदलून बघा," पोरगा म्हणाला. विकणाऱ्याने दुसरं काय म्हणायचं? संदेशने जुनं भिंग देऊन, वर भर घालून, त्याहून भारी भिंग घेतलं. घरी आल्यावर ज्ञानेश्वरीने सांगितलं, "शिबिर झालं. बारा नंबरला तुमचं नाव तीनदा पुकारलंन." तो म्हणाला, पुढच्या वर्षी येईल की परत.

ती त्यानंतर डोळ्यांविषयी बोलली नाही. पण एक नवीनच सवय तिला लागली. तो कॅमेरा घेऊन निघाला की ती हातातलं काम टाकून मागोमाग निघायची. पूर्वी कधी ती असली हौस करत नसे. संदेशला आधी वाटलं, चला, बायकोला आपल्या कामाची गोडी लागली. मग त्याला तिचा त्रास होऊ लागला. कारण ती फोटोत यायची. कधी पदर, कधी कोपर, कधी नुसती सावली. डावीकडून.

नारळी पौर्णिमेला सगळा गाव किनाऱ्यावर होता. ढोल, गुलाल, बायका नटलेल्या. यंदा सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ समुद्राला द्यायचा मान शिवाचा होता. संदेशला तो क्षण वरून हवा होता म्हणून तो खडपावर, पाण्यात घुसलेल्या कातळावर चढला. भरतीचं पाणी खालच्या दगडांवर आपटत होतं. शिवा गुडघाभर पाण्यात गेला, त्याने दोन्ही हात वर केले, आणि संदेश डोळा कॅमेऱ्याला लावून अर्धं पाऊल डावीकडे सरकला. त्याला कुणीतरी कोपराशी ढकललं. ज्ञानेश्वरी.

फोटो हलला. शिवाच्या हातातून नारळ सुटून गेला होता.

"अगं ए बये!" संदेश ओरडला. ढोल थांबल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "तुला कितीदा सांगितलं, मध्ये येऊ नको! घरी बसायला काय होतं तुला? दीड वर्षांत एक फोटो धड आला नाही माझा, आणि आता तू!"

बायका तिच्याकडे बघत होत्या. नवी साडी, केसांत अबोली. ती एक पाऊल मागे झाली, पण एकच. खडपावरून खाली उतरली नाही. तिच्या पलीकडे खडप संपत होता आणि खाली सरळ पाणी होतं. ते संदेशने त्या दिवशी पाहिलंच नाही.

त्या नारळी पौर्णिमेनंतर आठवड्याभरात शिवाने इंजिन उघडायला त्याला बोलावलं. संदेशने दिवसभर खपून काम केलं. चौथ्या दिवशी खोल समुद्रात इंजिन तापून बंद पडलं. पाण्याच्या नळीचा डाव्या बाजूचा पट्टा आवळायचाच राहून गेला होता. दुसऱ्या बोटीने शिवाला ओढून आणलं, बर्फ वितळला, मासळी टाकून द्यावी लागली. शिवा किनाऱ्यावर संदेशला सगळ्यांदेखत बोलला.

"तुझा लक्ष कामात ऱ्हायलाच नाय. सगळा लक्ष त्या डबड्यात. माझ्या पोटावर पाय देऊन फोटो काढ आता."

"मी पट्टा आवळला होता," संदेश म्हणाला.

"मग काय समुद्रातल्या म्हावऱ्याने सोडलान?"

लोक हसले. पुढच्या वेळी शिवाने हर्णैचा फिटर बोलावला. मग इतरांनीही.

जानेवारीत एका बाजाराच्या दिवशी संदेश ज्ञानेश्वरीला स्कूटरवरून दापोलीला नेत होता. तिच्या मांडीवर सुकटीची टोपली. चढावर एक आतला रस्ता डावीकडून येऊन मिळतो. तिथून धोंडूची मालवाहू रिक्षा आली. ज्ञानेश्वरीने "अहो, रिक्षा!" म्हणून पाठीवर थापटी मारली, धोंडू हॉर्न मारत राहिला, आणि संदेश सरळ त्याच्यापुढे गेला. स्कूटर आडवी झाली. संदेशला खरचटलं. ज्ञानेश्वरी उजव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं.

"मी समोर हाय, हॉर्न मारतोय, आणि ह्यांनी मान पण वळवलीन नाय," धोंडू जमलेल्या माणसांना रडकुंडीला येऊन सांगत होता. त्याचा दोष नव्हता. संदेशलाही कुठेतरी ते कळत होतं. तरी तो धोंडूवर ओरडत राहिला.

दापोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. दोन ठिकाणी मोडलंय, ऑपरेशन लागेल म्हणाले. ज्ञानेश्वरी हात छातीशी धरून बसली होती, ओठ पांढरे पडले होते.

"डॉक्टर, हात ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आधी ह्यांचे डोळे बघा. मी दीड वर्ष सांगतेय. माझं ऐकत नायत."

"आत्ता काय हे?" संदेश पुटपुटला.

डॉक्टर हाडांचे होते, पण त्यांनी मान वळवून संदेशकडे नीट बघितलं. खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, "एक डोळा हाताने झाका. माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बोटं किती?"

"कुठली बोटं?"

डॉक्टरांनी बाजूला धरलेला हात थोडा आत आणला. "आता?"

"कुठेत बोटं?"

हात अगदी डॉक्टरांच्या स्वतःच्या कानापर्यंत आला तेव्हा संदेशला दोन बोटं दिसली. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. त्यांनी चिपळूणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि वर "तातडीने" असं लिहिलं.

योगिनी त्याला चिपळूणला घेऊन गेली. अर्धा तास एका यंत्रात तोंड घालून बसवलं. पांढरे ठिपके चमकतील, दिसला की बटण दाबायचं. संदेशने हातात बटण धरून वाट बघितली, फार वेळ वाट बघितली. मग कागद आला. एकेका डोळ्याचं एकेक वर्तुळ. मधोमध थोडा उजेड, बाकी काळं. उजव्या डोळ्याच्या वर्तुळात डावी बाजू तर शाई सांडल्यासारखी.

"काचबिंदू," डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या. "ह्यात दुखत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला कळत नाही. कडेकडून नजर जाते. उजवा तुमचा बराच गेलाय, डावाही अर्ध्यावर आहे."

"ऑपरेशन केलं तर?"

"गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते राखायचं. थेंब आयुष्यभर, एक दिवस चुकवायचा नाही. गाडी बंद." त्यांनी कागद मिटला. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं."

योगिनीने बापाकडे बघितलं नाही. तिला बारा नंबरची गोष्ट आईने सांगितलेली होती.

घरी ज्ञानेश्वरी ऑपरेशन झालेल्या हाताला पट्ट्या बांधून बसलेली. काम नाही, बोट नाही, बाजार नाही. संदेशने कपाटावरचा जुना संगणक सुरू केला आणि दोन वर्षांचे फोटो एकामागून एक उघडले. आता त्याला ठाऊक होतं, कसं बघायचं ते. मान डावीकडे वळवायची, कडेवर नजर ठेवायची, मग वरपासून खालपर्यंत आणायची. फोटो वाचायला बसावं तसा तो बसला.

त्यातल्या शेकडो फोटोंत ती होती. तो ज्यांना कचरा समजून कापून टाकायचा, त्या कडांत. बोटींच्या फोटोत तिची पाठ, कारण ती दोराच्या वेटोळ्याच्या आणि त्याच्या मध्ये उभी होती. होळीच्या फोटोत तिचा पसरलेला हात, मागून धावत येणाऱ्या पोरांना अडवणारा. पौर्णिमेच्या त्या हललेल्या फोटोत डावीकडे तिचा अर्धा चेहरा, आणि ती शिवाकडे, नारळाकडे, समुद्राकडे कुठेच बघत नव्हती. ती त्याच्या पायांकडे बघत होती.

तो उठून स्वयंपाकघराच्या दारात गेला.

"तू मुद्दाम उभी राहायचीस?"

"मग काय हौसेने?"

"बोलली का नाहीस?"

ज्ञानेश्वरीने मान वर केली. तिचा आवाज चढला नाही. "बोलले. चारदा बोलले. तुम्ही म्हणालात, तुला कॅमेऱ्यातलं काय कळतं. मग म्हटलं, बोलून उपयोग नाय, उभं ऱ्हावं." मग ती म्हणाली, "खडपावर मी नसते तर तुम्ही आज नसता. आणि सगळ्या गावासमोर माझी लाज काढलीत."

त्याने हात जोडल्यासारखे केले. ती दुसरीकडे बघू लागली.

मनगट जुळलं, पण नीट वळेना. टोपली उचलता येत नाही, कपडे पिळता येत नाहीत, तराजू धरता येत नाही. तीन महिने ती बाजारात गेली नाही तेव्हा तिच्या जागेवर दुसरी बाई बसायला लागली. ज्ञानेश्वरीने जाऊन भांडण केलं नाही. "तिलाही पोरं हायत," एवढंच म्हणाली. घरामागे ओटा नव्हताच. मासळी वाळूवरच राहिली आणि आता ती घरच्यापुरती.

शिवा एकदा येऊन गेला. चहा घेतला, काचबिंदू म्हणजे काय ते विचारून घेतलं, "आधी कळला असता तर मी तसा बोललो नसतो रे," म्हणाला. ते तो मनापासून बोलला. पण इंजिनाचा विषय त्याने काढला नाही, आणि संदेशनेही काढला नाही. एका बाजूचं न दिसणाऱ्या फिटरला कोण खोल समुद्रात जाणारं इंजिन देईल?

मे महिन्यात कॅमेरा विकायला काढला. मुरुडचा समर्थ नावाचा तरुण आला. किनाऱ्यावर लग्नाआधीच्या जोडप्यांचे फोटो काढून तो बरं कमवत होता. त्याने कॅमेरा हातात घेतला, अंगणात चार फोटो काढले. त्यातला एक संदेश आणि ज्ञानेश्वरीचा, पायरीवर बसलेल्यांचा. त्याने दाखवला. दोघं नीट मधोमध, कडा मोकळ्या, कुठे पान नाही, चप्पल नाही.

"काका, ह्यात प्रॉब्लेम काहीच नाही," समर्थ म्हणाला. "एकदम टॉप पीस. खरं सांगू, तुम्ही विकताय कशाला?"

"हौस फिटली," संदेश म्हणाला.

"असं नसतं हो. चांगला कॅमेरा हातात असला की माणूस आपोआप चांगले फोटो काढतो."

ज्ञानेश्वरी उठून आत गेली. समर्थ आणखी थोडा वेळ भिंगाचं कौतुक करत राहिला, मग पैसे देऊन गेला. ते पैसे तिच्या ऑपरेशनासाठी काढलेल्या कर्जाला आणि त्याच्या थेंबांना गेले.

आता सकाळी चहाच्या आधी एक थेंब आणि संध्याकाळी एक. बाटली छोटी, टोक बारीक, आणि ती डोळ्यावर कुठे धरली आहे हे संदेशला नेमकं कळत नाही. कधी थेंब भुवईवर पडतो, कधी गालावरून ओघळून शर्टात जातो. परवा सकाळी तीन थेंब असे वाया गेले. औषध महाग. ज्ञानेश्वरी समोरच डाव्या हाताने बोंबील निवडत बसली होती.

"जरा धरतेस का गं बाटली?" त्याने विचारलं.

"माझ्यानं दाबली जात नाय," ती म्हणाली. "आणि हात मासळीचे हायत."

तिने डोकं वर केलं नाही. संदेशने मान मागे टाकली, पापणी बोटाने ओढून धरली, आणि चौथा थेंब सोडला.